त्यांच्या घरी नेलेला पहिला गोड पदार्थ

जोडीदाराच्या आईवडिलांना पहिल्यांदा भेटायला जाताना स्वतःच्या हाताने केलेलं काय नेलंत? जमलं की फसलं? येत्या रविवारी माझ्यावर ही वेळ आहे. ‘विकतचा केक ने’ हा सल्ला घरून मिळून चुकलाय, तो सोडून बोला.

*

मी अननसाची जेली केली, तीही ताजं अननस हौसेने चिरून. रात्री दोनला फ्रीज उघडला तर सरबत. सकाळीही सरबतच. ताज्या अननसातलं एन्झाइम प्रथिनं तोडतं आणि जेली घट्ट करणारं जिलेटिन म्हणजे प्रथिनच, हे मागाहून कळलं. डब्यातलं अननस चाललं असतं, ते तापवलेलं असतं. किवी-पपईचंही तेच. शेवटी ग्लासात ओतून ‘पेय’ म्हणून दिलं. काकांनी दोन ग्लास घेतले. त्यांना अजून पत्ता नाही.

*

जिलेटिनवरून आठवलं. तिच्या आईने चमचा ओठांपर्यंत नेऊन विचारलं, “यात काय घातलंय रे?” मी खरं ते सांगितलं: जिलेटिन, जनावरांच्या हाडा-कातडीपासून केलेलं. त्या शाकाहारी. चमचा तसाच खाली गेला. आता अगर-अगर वापरतो, ते समुद्री शेवाळापासूनचं. पण ते नीट उकळावं लागतं, कोमट दुधात टाकून भागत नाही.

*

कॅरॅमल कस्टर्ड, डोळे मिटून. आदल्या दिवशीच होतं, सकाळी धावपळ नाही. साखर वितळताना ढवळू नका, दाणे धरतात. भांडंच गोल फिरवा. गडद मधाचा रंग आला की लगेच साच्यात ओता, नाहीतर कडू होते. गरम पाण्याच्या ट्रेमध्ये साचा ठेवून मंद आचेवर भाजा आणि मधला भाग जरा थरथरतोय तोवरच काढा. जास्त तापलं की जाळी पडते. रात्रभर फ्रीजमध्ये राहिलं की तळाचं कॅरॅमल सुटून पातळ होतं.

मी साचा तसाच नेला आणि त्यांच्या ओट्यावर उलटा केला. सगळे भोवती जमलेले. काहीच होईना. माझे कान तापले. मग आतून ‘पच्’ असा आवाज आला आणि त्याच्या आईने चक्क टाळ्या वाजवल्या. चवीबद्दल कोण काय बोललं ते आठवत नाही, पण तो आवाज सासरे अजून काढून दाखवतात.

*

वितळत्या चॉकलेटमध्ये पाण्याचा थेंब पडला, त्याचा दगड झाला. फुलं नेली.

*

दोन थरांचा केक मांडीवर सांभाळत गेलो. तिच्या बाबांना मधुमेह आहे हे तिने मला दारात सांगितलं. दारात! त्यांनी बोटाएवढा तुकडा खाल्ला आणि बायकोकडे बघून दुसरा उचलला. आमची युती तिथपासूनची.

*

धागाकर्ती परत आलेय. कस्टर्ड ठरलं. “तुझ्याकडे अंडं चालतं ना?” असं त्याला विचारलं, तर म्हणतो, “थांब, आईला विचारतो.” आणि फोन लावलासुद्धा. सरप्राइज संपलं.