मुलांसोबत घरातली ठरलेली संध्याकाळ: तुमचे अनुभव सांगा

परवा रात्री साडेआठला लाईट गेली. इन्व्हर्टर बिघडलेला, मोबाईल दोन टक्क्यांवर. धाकटीने पालथ्या वाटीवर मेणबत्ती चिकटवली आणि माझ्या डोळ्यांसमोर एकदम २००६ सालचं माहेर आलं. भारनियमनाचे दिवस. बाबा अंगणात सतरंजी टाकायचे, मग भेंड्या नाहीतर बदाम सात. आमच्या कॅटमधल्या बदाम सत्तीच्या पाठीवर मेणाचा डाग होता. ती कुणाकडे आलीय ते सगळ्यांना दिसायचं, तरी वर्षानुवर्षं तोच कॅट.

परवा मुलींना तोच डाव शिकवला. मध्येच लाईट आली, तर धाकटी उठली आणि बटण बंद करून आली. "डाव संपू दे ना गं." फार भरून आलं. आता दर शनिवारी बसायचं म्हणतेय. तुमच्याकडे असं काही आहे का? टिकवता कसं?

बुधवारवाला
ताई, शनिवार नका ठेवू. लग्नं, पाहुणे, वाढदिवस सगळं शनिवारीच येतं. आमचा बुधवार, चार वर्षं झाली. काय खेळायचं ते मुलगा एकदा ठरवणार, आम्ही एकदा. आम्ही तिघंच, म्हणून पाच-तीन-दोन. अठ्ठ्यांपासून एक्क्यांपर्यंत सगळी पानं आणि दोन सत्त्या, झाली ३०. हात मोजता मोजता पोरगं बेरीज-वजाबाकी शिकलं.

सांगलीकर
आमच्या जिल्ह्यात मोहित्यांचे वडगावला तर अख्ख्या गावाचं ठरलंय. १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी ७ ला भोंगा वाजतो, दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. ते वाचून आम्ही घरात देवघरातली घंटा वाजवायला लागलो. घंटा वाजवायचा मान नातवाचा. सगळ्यात आधी माझाच फोन मागतो.

रात्रपाळी
मी नर्स आहे, वार ठरवता येत नाही. महिन्याचं ड्युटीचं वेळापत्रक आलं की लेक कॅलेंडरवर माझ्या सुट्टीच्या रात्रींना लाल गोल करते. मागच्या महिन्यात ऐनवेळी ड्युटी बदलली आणि एक गोल तिने खोडरबरने पुसायचा प्रयत्न केला. स्केचपेन होतं, पुसलं नाही. कागद फाटला. अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

बुधवारवाला
@रात्रपाळी ताई, दुसऱ्या दिवशी सकाळी दहा मिनिटं बसा. एक डाव झब्बू झाला तरी पोरं खूश होतात. काळजी घ्या.

दोन टीनएजर
मोठा १५ चा. खोलीतून बाहेरच येईना. मग त्याला म्हटलं, खेळू नकोस, थालीपिठं लाव. आता तो तव्यापाशी उभा राहून आमची पानं बघतो आणि बहिणीला खुणा करतो. मला तेवढं पुष्कळ आहे.

सांगलीकर
वा! भाजणी घरची का?

दोन टीनएजर
हो, सासूबाईंची. पण त्याची थालीपिठं मधे कच्ची राहतात. काय करावं?

रात्रपाळी
मधे भोकं पाडून तेल सोडायला सांगा आणि झाकण ठेवा. गॅस बारीक.

दोन टीनएजर
भोक एकच पाडतो तो. आज सांगते. आज बसतोय आम्ही.