अझाइड म्हणजे 'स्फोटक': ही व्याख्या चालेल का?

गोदाकाठ
भाच्याने कॉलेज रोडवरच्या एका क्लासच्या नोट्स आणल्या. अझाइडपुढे एकच ओळ: 'नायट्रोजनची स्फोटक संयुगे.' बारावीला रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे डोक्यात गेलं.

अझाइड म्हणजे नायट्रोजनचे तीन अणू एका सरळ रेषेत जोडलेले आणि त्या तिघांवर मिळून एक ऋणभार. ओळख इथे संपते. फुटणार की नाही, हे पलीकडे कोण जोडलंय त्यावर ठरतं. लेड अझाइड धक्क्यानेसुद्धा उडतं, म्हणून ते डिटोनेटरमध्ये जातं. सोडियम अझाइड धक्क्याला सहसा दाद देत नाही. तीनशे अंशांच्या आसपास तापवलं की सोडियम आणि नायट्रोजन वेगळे होतात. बेरियम अझाइड तापवून शुद्ध नायट्रोजन मिळवतात, हे तर जुन्या एनसीईआरटीच्या पुस्तकातच होतं.

एचआयव्हीवरचं पहिलं मान्यताप्राप्त औषध, १९८७चं झिडोव्ह्युडिन, त्यातही अझाइड गट आहे. मग रुग्ण काय स्फोटकं गिळत होते? उलट टीएनटी, नायट्रोग्लिसरीन, मर्क्युरी फल्मिनेट ही सगळी नायट्रोजनचीच आणि स्फोटक, पण यात एकही अझाइड नाही. व्याख्या दोन्ही बाजूंनी गळते.

सातपूरकर
असहमत. सर, तुम्ही अपवाद दाखवून घराण्याचा स्वभाव नाकारताय.

नायट्रोजनच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध मोडायला मोलमागे सुमारे ९४५ किलोज्यूल लागतात. म्हणजे तो बंध तयार होताना तेवढी ऊर्जा बाहेर पडते. अझाइडमध्ये तीन नायट्रोजन हातात हात घालून उभेच आहेत, संधी मिळाली की वायू होऊन निघाले. हा गुण शिशाचा नाही, त्या तिघांचा आहे. शिसं फक्त दार लवकर उघडतं. नुसतं हायड्राझोइक आम्ल घ्या: धातू नाही, काही नाही, ३७ अंशांना उकळतं आणि तेही स्फोटक.

शिवाय सेंद्रिय अझाइड हाताळणाऱ्यांचा ठोकताळा आहे: रेणूतले कार्बन आणि ऑक्सिजन मोजा, बेरजेला नायट्रोजनच्या संख्येने भागा, उत्तर तीनच्या खाली आलं तर जपून. अख्ख्या वर्गासाठी असा नियम उगाच करत नाहीत. आणि तुमचं झिडोव्ह्युडिन? कार्बन १०, ऑक्सिजन ४, नायट्रोजन ५. भागाकार २.८. तुमचाच साक्षीदार फुटला की!

गोदाकाठ
हिशोब बरोबर, निष्कर्ष नाही. त्या पाचांतले दोन नायट्रोजन थायमिनच्या कड्यातले आहेत, त्यांचा या भानगडीशी संबंध नाही. ठोकताळा सगळे नायट्रोजन सरसकट मोजतो, कारण तो सावधगिरीसाठी आहे, निवाड्यासाठी नाही. २.८ येऊनही गोळ्या मेडिकलमध्ये मिळतातच ना?

लॅबवाली
पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. आत्ता हातातल्या रिएजंटच्या, म्हणजे तपासणीच्या रसायनाच्या, बाटलीवर लिहिलंय: सोडियम अझाइड ०.०९ टक्के. जंतू वाढू नयेत म्हणून घालतात. तुम्ही दोघं स्फोटावर भांडताय आणि ते जालीम विष आहे, हे कोणीच बोलत नाही. सायनाइडसारखंच पेशींचं श्वसन बंद पाडतं, रक्तदाब धाडकन उतरतो.

'स्फोटक' एवढंच शिकलेली नवी मुलं म्हणतात, मॅडम, एवढ्याशाने काय फुटणार? आणि ग्लोव्ह्ज न घालता बाटली धुतात. आम्लाशी गाठ पडली तर वर सातपूरकर म्हणतात तेच हायड्राझोइक आम्ल वायू होऊन नाकात जातं. ती ओळ पुरी नाहीच, पण माझी तक्रार सरांपेक्षा वेगळी आहे.

सातपूरकर
ताई, त्याच बाटलीवर सिंकमध्ये ओतल्यावर भरपूर पाणी सोडा असंही लिहिलेलं असतं ना? ते विषासाठी नाही. शिशाच्या किंवा तांब्याच्या नळात साचून त्या धातूंचं अझाइड होऊ नये म्हणून आहे. रविवार कारंजाकडच्या जुन्या इमारतींतले पाइप कशाचे आहेत, कोणी बघितलंय? ०.०९ टक्केवाल्यालाही कंपनीला स्फोटाची सूचना छापावी लागते.

लॅबवाली
लिहिलेलं असतं, खरं आहे. पण मग 'स्फोटक' नको, 'शिसं-तांब्याला लावू नका' असं शिकवा. त्याने मूल काहीतरी करेल तरी.

अंबडचा टूलरूमवाला
थोडं अवांतर. आमच्याकडे सोनेरी कोटिंगचे ड्रिल येतात, टायटॅनियम नायट्राइडचे. आयटीआयहून आलेला पोरगा हात लावेना. म्हणे, क्लासमध्ये सांगितलंय, हे फुटतं! नायट्राइड म्हणजे एकच नायट्रोजन, ऋणभार तीन. अझाइडमध्ये नायट्रोजन तीन, ऋणभार एक. फळ्यावर तो तीन वर लिहिला की खाली, एवढाच फरक. रचना शिकवली असती तर ही वेळ आली नसती. सरांना +१.

पिंपळगावचा बागायतदार
आम्हा द्राक्षवाल्यांनी हे भोगलंय. ४ ऑगस्ट २०२०ला बैरुतला २,७५० टन अमोनियम नायट्रेट उडालं, आणि पाहुणे विचारायला लागले, तुमच्या शेडमधल्या खताचं काय? कायदासुद्धा नुसत्या नावावर जात नाही. अमोनियम नायट्रेट रूल्स, २०१२मध्ये मिश्रणांसाठी वजनाच्या ४५ टक्क्यांची रेघ आहे: अमोनियम नायट्रेट त्याहून जास्त असेल तरच ते मिश्रण नियमात येतं. 'नायट्रेट' दिसलं की बोंब मारायची हे टीव्हीवाल्यांचं काम, शिक्षकांचं नाही.

सातपूरकर
भाऊ, तुमच्या खताची रेघ मान्य, पण अझाइडला अशी एक रेघ आखता येत नाही, म्हणून तर संशय वर्गावरच ठेवायचा. जुन्या गाड्यांच्या एअरबॅगमध्ये सोडियम अझाइड असे. आता बहुतेक ठिकाणी ग्वानिडीन नायट्रेट आलंय, पण न फुटलेल्या जुन्या बॅगा भंगारात येतातच. ग्राइंडर लावणाऱ्याला रचना सांगत बसणार?

गोदाकाठ
त्याला रचना नको, 'कापू नको' सांगा. बारावीच्या मुलाला मात्र दोन ओळी द्या. पहिली: एका रेषेतले तीन नायट्रोजन, एक ऋणभार. दुसरी: बरीच अझाइडं विषारी, शिसं-तांब्यासारख्या जड धातूंची अतिस्फोटक, सोडियमचं त्या मानाने स्थिर.

सातपूरकर
मजकूर मान्य. क्रम उलटा हवा. नोट्सची दुसरी ओळ कोण वाचतं?

गोदाकाठ
क्रम बदलणार नाही. 'अतिस्फोटक' ठळक अक्षरात छापायला मात्र हरकत नाही.