मोठा मॉनिटर : गेमिंग आणि अचूक रंग एकाच पडद्यावर साधतील का?

प्रश्न :
मी दिवसा छायाचित्रांचे रंग दुरुस्त करतो आणि रात्री गेम खेळतो. सध्याचा २४ इंची फुल एचडी मॉनिटर अपुरा पडत असल्याने ३२ इंची घ्यायचा विचार आहे. मित्राकडच्या १४४ हर्ट्झच्या (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणाऱ्या), ‘९५ टक्के डीसीआय-पी३’ (सिनेमासाठीचा मोठा रंगपट्टा, म्हणजे दाखवता येणाऱ्या रंगांची व्याप्ती) असलेल्या मॉनिटरवर मी काढलेला फोटो उघडला, तर त्यातल्या मुलीचे गाल उन्हाने भाजल्यासारखे लाल दिसले. हा पॅनेलचा दोष समजावा का? आयपीएस, व्हीए की ओलेड यांपैकी कोणत्या प्रकारचे पॅनेल घ्यावे?

उत्तर १ :
पॅनेलचा दोष नसावा. फोटो बहुधा एसआरजीबीचा, म्हणजे साध्या पडद्यांसाठीच्या लहान प्रमाणित रंगपट्ट्याचा असतो. रंगव्यवस्थापन (फोटोचे रंग पडद्याच्या रंगपट्ट्याशी जुळवून दाखवणे) न पाळणारा प्रोग्राम त्यातले आकडे जसेच्या तसे मॉनिटरकडे पाठवतो आणि मोठ्या रंगपट्ट्याचा मॉनिटर ते आपल्या अधिक गडद लाल-हिरव्यात दाखवतो. त्वचेवर ते चटकन डोळ्यांत भरते. म्हणून टक्केवारीपेक्षा मॉनिटरला एसआरजीबीपुरते मर्यादित ठेवणारा एसआरजीबी मोड नीट तपासा, कारण काही मॉनिटरांत तो लावताच ब्राइटनेस बदलताच येत नाही, आणि १०० ते १२० निट्स (ब्राइटनेसचे एकक) इतक्या उजेडावर काम करणाऱ्याची त्यामुळे फार अडचण होते. कॅलिब्रेटरसाठी (पडद्याचे रंग मोजून दुरुस्त करणाऱ्या उपकरणासाठी) पैसे आधीच बाजूला काढा. डेल्टा-ई (रंगातल्या चुकीचे माप) २ च्या आत असल्याचे कारखान्याचे प्रमाणपत्र चांगलेच, पण वापराबरोबर रंग सरकतात. मोजण्यापूर्वी मॉनिटर अर्धा तास चालू ठेवा.

उत्तर २ :
३२ इंचांत २५६०×१४४० घेऊ नका. त्यात इंचाला जेमतेम ९२ पिक्सेल बसतात, म्हणजे तुमच्या आताच्या मॉनिटरइतकेच. फोर-के (३८४०×२१६०) घेतल्यास ते १३८ होतात आणि केसांच्या कडा खऱ्या दिसू लागतात. मात्र फोर-केमध्ये पिक्सेल २५६०×१४४० च्या सव्वादोन पट असल्याने ग्राफिक्स कार्ड तेवढे दमदार हवे.

उत्तर ३ :
पॅनेलबद्दल अनुभवाने सांगतो. माझ्या व्हीए मॉनिटरवर काळा रंग सुरेख दिसे, पण अंधाऱ्या गुहेत पात्र वळले की मागे काजळ पसरल्यासारखी रेघ उमटे. ओलेडला हा त्रास नाही. परंतु तासन्‌तास जागच्या जागी राहणाऱ्या टूलबारचा डाग पडण्याची भीती असते, आणि पूर्ण पांढरी विंडो उघडली की बहुतेक ओलेड मॉनिटर स्वतःहून मंद होतात. तुमचे पोट रंगांवर चालते, तेव्हा काळ्याची खोली थोडी कमी पडली तरी आयपीएसच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्नकर्ता :
तोच फोटो त्याच मॉनिटरवर रंगव्यवस्थापन पाळणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडून पाहिला. गाल पूर्ववत दिसले. आता फोर-के आयपीएस आणि कॅलिब्रेटर दोन्ही एकदमच घेतो.