थंडी सरतानाची कोवळी पालेभाजी: तुमचे अनुभव

सावली१२
शेतावरून आणलेला पालक आत्ता धूत होते, तर परातीत नखाएवढी गोगलगाय निघाली. शिंगं बाहेर काढून कडेकडेने निघाली होती, अजिबात घाई नाही. तिला बघून एकदम आजी आठवली. पालेभाजी धुतल्यावर परात कलती करून मी पाणी ओतायला गेले की हातावर चापट बसायची. "पाणी ओतू नकोस गं, पाला उचल!" माती तळाला बसलेली असते, ओतलं की सगळी परत पानांवर. तीन पाणी झाली की ती तळाला बोट फिरवून बघायची. कचकच लागली की चौथं.
आम्ही आणतो ते दोघा नवरा-बायकोचं छोटंसं शेत आहे. पहाटे कापलेली जुडी, देठ मोडला की कट्‌कन वाजतो. काकू म्हणाल्या, थंडीतला पालक गोड लागतो, कारण गोठू नये म्हणून पानं स्वतःच साखर साठवतात. लिहा तुम्हीपण.

निवांत
गोगलगायीचं काय केलंत ते राहिलंच.

सावली१२
पुदिन्याच्या कुंडीत सोडली. आता पुदिन्याचं काही खरं नाही.

मूठभर
लग्नानंतर पहिल्यांदा चार जण जेवायला आले होते. दोन भल्यामोठ्या जुड्या चिरल्या, कढईत मावेना, वरून दाबून झाकण ठेवलं. पाच मिनिटांनी उघडलं तर तळाला हिरवा डाग! पालकात नव्वद टक्क्यांवर पाणीच असतं हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. चमच्याने मोजून वाढली. नवरा म्हणाला मला आवडत नाही, म्हणून वाचलो. त्याला खूप आवडते.

घारी
@मूठभर :D :D नवरा जपून ठेवा.

कपबशी
पालक खाल्ला की दात खरखरीत होतात ते फक्त मलाच का?

झाडाखाली
नाही हो, सगळ्यांनाच. ऑक्झॅलिक आम्ल असतं त्यात. मुतखडा होऊन गेलेल्यांना बेताने खा म्हणतात ते त्यामुळेच.
मी तीन वर्षं एका शेताची आठवड्याची पेटी घेतोय. दिवस मोठे आणि गरम झाले की पालक, लेट्यूस सगळं तुऱ्यावर येतं. मग लेट्यूसच्या देठातून पांढरा चीक येतो आणि पान कडूजहर. शेवटच्या पेटीच्या वेळी शेतकरी स्वतः म्हणाला होता, "दादा, आता नका घेऊ." मी हावरट. घेतली. कोणीच खाल्ली नाही.

उंबरा
बाबांना रक्त पातळ करायची गोळी (वॉरफेरिन) सुरू झाली आणि मी घाबरून घरातला हिरवा पाला बंद केला. पाल्यात के जीवनसत्त्व भरपूर, ते गोळीच्या उलट काम करतं. डॉक्टर रागावले. बंद नाही करायचं, रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं. एक दिवस ढीगभर आणि आठवडाभर काहीच नाही, हे वाईट. आता रोज एक वाटी, मोजून. बाबा वाटी दाबून भरतात.

घारी
@उंबरा काळजी घ्या गं बाबांची. दाबून भरतात :) माझे सासरे साखरेचं असंच करतात.

पाचवा_मजला
धुतलेला पाला कोरडा कसा करता? ओला ठेवला की दोन दिवसांत चिकट होतो माझा.

कपबशी
जुन्या उशीच्या अभ्र्यात घाला, तोंड घट्ट धरा आणि गच्चीत गरागरा फिरवा. मग सुती फडक्यात गुंडाळून डब्यात. आणि मुळा आणलात तर पाला लगेच वेगळा काढा, नाहीतर तो मुळ्यातलं पाणी ओढतो आणि मुळा लिबलिबीत.

पाचवा_मजला
गच्चीत कोण जातं! दिवाणखान्यात फिरवला. हातातून सुटला. पंख्याच्या पात्यावर दोन पानं आहेत, टीव्हीमागे किती ते माहीत नाही.

झाडाखाली
पंखा लावा, उरलेली वाळतील.

सावली१२
गोगलगाय अपडेट: पुदिन्याला तोंडही लावलं नाही. शेजारच्या कुंडीतलं लेट्यूसचं रोप मात्र सकाळी काडी होऊन उभं होतं.

निवांत
मग आता कुठे आहे ती?

सावली१२
शोधतेय. दूध उतू जातंय, आले.