इकॉनॉमिक्स पीएचडीला अप्लाय करायचंय पण गणिताचा पाया कच्चा, दीड वर्षात काय काय करू?

वारणाकाठ:
नमस्कार मंडळी. माझं बीए सांगलीकडे आणि एमए इकॉनॉमिक्स पुण्यात झालंय, २०२३ ला. अकरावी-बारावी आर्ट्स, त्यामुळे दहावीनंतर गणित सुटलं ते सुटलंच. बीएला गणिताचा एक पेपर होता पण सरांनी जी पाच-सहा उदाहरणं फळ्यावर सोडवली तीच परीक्षेला आली, मार्क चांगले पडले, डोक्यात काही राहिलं नाही. सध्या एका संस्थेत रिसर्च असिस्टंट आहे, ऊसतोड कुटुंबांचे सर्व्हे करतो आम्ही, स्टाटामध्ये (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) रिग्रेशन, म्हणजे एका गोष्टीचा इतर गोष्टींशी संबंध आकड्यात काढणं, चालवता येतं पण तो आकडा नेमका आला कुठून असं कुणी विचारलं की गप्प बसावं लागतं आणि ते मला फार लागतं. स्थलांतर आणि मजुरीवरच पीएचडी करायची आहे, अमेरिकेत अप्लाय करायचंय, पुढच्या वर्षीच्या डिसेंबरच्या डेडलाईन धरून. सगळीकडे रिअल अ‍ॅनालिसिस पाहिजे म्हणतात, म्हणजे कॅल्क्युलसचे नियम का खरे ते सिद्ध करणारं गणित. पुस्तक आणलं आणि एप्सिलॉनच्या (कितीही लहान धरता येणारं अंतर) पहिल्याच व्याख्येवर तीन रात्री अडकले. सुरुवात कुठून करू? आणि घरी बसून शिकलेलं ते लोक धरतात का?

मुक्काम_मिनेसोटा:
चौथ्या वर्षाला आहे, माझंही बीकॉम होतं म्हणून सविस्तर लिहितो. आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, घरी शिकलेलं तुला उपयोगी पडेल पण प्रवेश देणाऱ्या कमिटीला दिसणार नाही, त्यांना ट्रान्सक्रिप्टवर (अधिकृत गुणपत्रक) ग्रेड दिसावी लागते. म्हणून निदान लिनिअर अल्जेब्रा (व्हेक्टर-मॅट्रिक्सचं गणित) आणि अ‍ॅनालिसिस हे दोन कुठेतरी परीक्षा देऊन कर. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचे १२ आठवड्यांचे कोर्स आहेत, २५ टक्के असाइनमेंट आणि ७५ टक्के सेंटरवर जाऊन दिलेली परीक्षा, युनिव्हर्सिटीच्या ग्रेडइतकं वजन नाही त्याला पण काहीच नसण्यापेक्षा खूप बरं. इलिनॉय युनिव्हर्सिटीचं नेटमॅथ आहे, म्हणजे गणिताचे ऑनलाइन कोर्स, त्याचं खरं ट्रान्सक्रिप्ट मिळतं पण एकेक कोर्स लाखाच्या घरात जातो, तेव्हा आधी फुकटचं सगळं वापरून बघ.

क्रम मात्र बदल. अ‍ॅनालिसिस आत्ता बाजूला ठेव. तीन महिने कॅल्क्युलस, हात बसेपर्यंत, मग लिनिअर अल्जेब्रा, एमआयटीच्या स्ट्रँग सरांची लेक्चर्स फुकट आहेत. तुझा रिग्रेशनचा प्रश्न तिथेच सुटतो. वायचा कॉलम, म्हणजे ज्याचा अंदाज काढायचा ते आकडे, हा एक बाण समज, तुझे एक्स व्हेरिएबल, म्हणजे ज्यांवरून तो काढायचा ते, मिळून एक सपाट पृष्ठभाग तयार करतात, आणि ओएलएस (साधं नेहमीचं रिग्रेशन) म्हणजे त्या बाणाची त्या पृष्ठभागावर सरळ वरून पडलेली सावली. उरलेला भाग, म्हणजे रेसिड्युअल, पृष्ठभागाला काटकोनात असतो, बास, ही एक अट मांडली की बीटाचा, म्हणजे प्रत्येक एक्सला लागणाऱ्या आकड्याचा, फॉर्म्युला आपोआप निघतो. मला हे कळलं त्या दिवशी मी आधी केलेली सगळी रिग्रेशन्स परत उघडून बघितली होती.

जीआरई या प्रवेश परीक्षेच्या क्वांटला (गणिताचा भाग) १७० पैकी १६५ च्या पुढे जायचं बघ, पण ते दहावीचंच गणित आहे, त्यात सहा महिने घालवू नकोस.

फळा_खडू:
मी कॉलेजात गणित शिकवतो, २२ वर्षं झाली. तीन रात्री अडकलीस यात काही वावगं नाही, आमची बीएस्सीची मुलंही तिथेच अडकतात. अडचण अशी की तुला आत्तापर्यंत गणित म्हणजे उत्तर काढणं असं शिकवलंय आणि इथे उत्तर दिलेलंच असतं, ते का खरं हे लिहायचं असतं. ते वाचून येत नाही. रोज एक सिद्धता वाचायची, पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर लिहायची, जिथे थांबलीस तिथे खूण करायची. आणि ती कुणीतरी तपासली पाहिजे, नाहीतर चुकीचं पाठ होतं.

हे इकॉनॉमिक्सला कशाला लागतं तेही सांगतो. ग्राहक बजेटमध्ये बसणारी सगळ्यात आवडती गोष्ट निवडतो असं तुम्ही बिनदिक्कत लिहिता. समजा एका वस्तूची किंमत शून्य झाली आणि ती जितकी जास्त तितकी बरी. आता बजेटला त्या बाजूला कुंपणच नाही, कितीही घेतलं तरी त्याहून जास्त घेता येतं, म्हणजे सगळ्यात आवडती अशी निवडच अस्तित्वात नाही! निवड असते याची खात्री कधी देता येते, ते कॉम्पॅक्ट सेट (कुंपण असलेला, कडांसकटचा संच) आणि कंटिन्युइटीच्या (मध्येच उडी न मारण्याच्या) धड्यात आहे.

दुपारचा_चहा:
वरच्या दोघांचं पटतं पण फक्त अमेरिकाच का? गोरेगावला आयजीआयडीआर ही अर्थशास्त्राची संशोधन संस्था आहे, आयएसआयला (भारतीय सांख्यिकी संस्था) दिल्ली-कोलकात्यात पीएचडी होते, आणि तिथली ट्रेनिंग गणिताच्या बाबतीत कडक आहे. तिकडे जायचं नसेल तरी आयएसआयच्या एमएसक्यूईचे (इकॉनॉमिक्सचा मास्टर्स कोर्स) जुने पीईए पेपर (प्रवेश परीक्षेतला गणिताचा पेपर) काढ, आपलं गणित कुठे उभं आहे ते एका दुपारी कळतं. पुण्यात असशील तर भास्कराचार्य प्रतिष्ठान या गणिताच्या संस्थेत चौकशी कर. आणि दीड वर्षात होत नाही असं वाटलं तर एक वर्ष थांब, घाईत अ‍ॅनालिसिसला खराब ग्रेड आली तर ती कायमची ट्रान्सक्रिप्टवर राहते.

वारणाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, ती सावलीची गोष्ट मी काल ऑफिसात मैत्रिणीला कागद उभा-आडवा धरून समजावली, तिलाही कळली. एक वर्ष थांबायचं मनात नव्हतं पण मार्चपर्यंत लिनिअर अल्जेब्रा कसं जातंय ते बघून ठरवते.

सर, तुम्ही सांगितलं तसं पुस्तक मिटून एक लिहिलंय, बघाल का? सिक्वेन्सला (ओळीने येणाऱ्या संख्या) दोन लिमिट (ज्या संख्येच्या ती पदं हवी तितकी जवळ जाऊन राहतात ती) असू शकत नाहीत. समजा एल आणि एम अशी दोन वेगळी आहेत. एप्सिलॉन म्हणजे त्यांच्यातल्या अंतराचा निम्मा भाग घेतला. एन या एका ठराविक क्रमांकाच्या पुढे प्रत्येक पद एलपासूनही एप्सिलॉनहून जवळ आणि एमपासूनही. मग एल ते एम अंतर दोन एप्सिलॉनहून कमी, म्हणजे स्वतःपेक्षाच कमी, हे शक्य नाही.

फळा_खडू:
बरोबर आहे. एक ओळ राहिली. एलसाठी एक एन मिळतो, एमसाठी दुसरा, ते एकच असतील असं नाही, दोघांतला मोठा घे आणि तसं लिही. उद्या पुढची पाठव.