जावा फुकट, पण कुठलं?
"जावा तर फुकटच असतं, लॅबमध्ये बिनधास्त टाका" हे अर्धंच खरं आहे दादा. ओपनजेडीके (जावाचं ओपन सोर्स रूप) फुकट, पण ओरॅकल कंपनीच्या जावा ८ चे एप्रिल २०१९ पासूनचे अपडेट पर्सनल वापर, डेव्हलपमेंट वगैरे सोडून फुकट नाहीत, आणि जानेवारी २०२३ पासून नव्या सबस्क्रिप्शनचा हिशोब मशीनवर नाहीच, संस्थेच्या एकूण कर्मचाऱ्यांवर, म्हणजे लॅबमध्ये पीसी ४ असोत नाहीतर ४०, मोजणीत शिपाई-क्लार्क सगळे धरणार (गंमतच आहे). आमच्याकडे एकच जुनी इमेज (तयार सिस्टीमची अख्खी कॉपी) सगळ्या पीसींवर क्लोन करायचे, त्यात कुठलं जावा आहे कुणालाच पत्ता नाही. आधी ते बघा, ओरॅकलचं निघालं तर काढून टेमुरिन (ओपनजेडीकेचंच फुकट, तयार पॅकेज) टाका, प्रॅक्टिकलचे साधे प्रोग्रॅम तसेच चालतात, फक्त जुनी अ‍ॅप्लेटवाली (ब्राउझरमध्येच जावा चालवणारी) पोर्टलं रडवतात.